मालक बदलून मिळेल

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला सहसा कशाचं आश्चर्य वाटत नाही. नोव्हेंबर उजाडला की चांगले धडधाकट पेन्शनर हयातीचा पुरावा द्यायला काउंटरवर उभे राहतात, आणि ते समोर खोकत असतानाही मी त्यांना पुरावा मागतो. मयताच्या खात्यावर हक्क सांगायला, हयातीत त्याला ओळखही न देणारे भाचे-पुतणे येतात. त्यांनाही मी दाखले मागतो. पण स्वतःच्या मालकीची वस्तू आपण होऊन दुसऱ्याला फुकट द्यायला जावं आणि समोरून 'परवानगी नाही' असं उत्तर यावं, हा अनुभव मला गेल्या वर्षीच आला. आणि तोही कुठल्या कचेरीत नव्हे, घरच्या काँप्युटरवर!

त्याचं झालं असं. आमचे वडील, अप्पा, जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात किंवा सुनेच्या कामात लक्ष घालतात. अप्पांनी तसलं काही केलं नाही. माझ्या पुतण्याने आपला जुना काँप्युटर त्यांना दिला, त्यात लिनक्स घालून दिलं, आणि अप्पांनी एका बोटाने टाइप करत आपल्या तीस वर्षांच्या हिशेबाच्या वह्या त्यात उतरवायला घेतल्या. काय लिहिता असं विचारलं तर म्हणत, "जुनी येणी आहेत." वह्या संपल्या आणि पुढल्याच पावसाळ्यात अप्पा गेले.

वर्षश्राद्ध झाल्यावर पुतण्याने काँप्युटरची साफसफाई केली. अप्पांचं खातं बंद केलं, कागदपत्रं तशीच राहू दिली, आणि माझ्या नावाचं नवं खातं उघडून दिलं. मी बसलो, त्याने शिकवल्याप्रमाणे फायलींची यादी काढली, आणि बघतो तर काय? अप्पांच्या प्रत्येक फाइलीपुढे मालक म्हणून माझं नाव!

"अरे, हे तू केलंस?"

"नाही काका. काँप्युटर नाव ओळखत नाही, नंबर ओळखतो. आजोबांचा नंबर १००१ होता. खातं बंद केल्यावर तो मोकळा झाला. तुमचं खातं उघडलं, तोच तुम्हाला लागला. फायलींवर नुसतं १००१ लिहिलेलं आहे, ते आता तुम्ही."

वाचकहो, मी शाखेत मयत खातेदारांच्या दाव्यांचं टेबल सांभाळतो. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त वारसांच्या वतीने पैसे ताब्यात घेणारा, हे वाक्य मी दिवसातून चार वेळा उच्चारतो. वारस दाखला नाही, इंडेम्निटी बाँड नाही, दोन जामीन नाहीत, थोरल्या भावाची ना-हरकत नाही, आणि अप्पांची सगळी इस्टेट माझ्या नावावर! माझ्यातला कारकून शहारला. पुढे त्या फायली अप्पांना परत करायचं मी ठरवलं. (का, ते शेवटी सांगतो.) पुतण्याने १००२ नंबरावर 'अप्पा' नावाचं खातं पुन्हा उघडलं, एका चिठ्ठीवर हुकूम लिहून दिला आणि तो कॉलेजला पळाला. हुकूम साधा होता. 'चोन', मग जागा सोडून नव्या मालकाचं नाव, मग जागा सोडून फाइलीचं नाव. मी एंटर मारला. यंत्राने इंग्रजीत सांगितलं की या कामाला परवानगी नाही.

माझी फाइल! माझ्या बापाला देतोय! आणि परवानगी नाही?

बी.कॉम.ला मला इतिहास नव्हता. तरीही रागाच्या भरात मी या चोनचा इतिहास खणून काढला. पुतणा संध्याकाळी यायचा होता आणि तो रविवार नव्हे, बँक हॉलिडे होता, म्हणजे घरात मला कुणी काम सांगण्याआधी काहीतरी वाचत बसणं भागच होतं.

ही हकिगत सुरू होते अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात, मरे हिल या गावी, बेल लॅबोरेटरीजमध्ये. बेल, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक या तिघांनी भागीदारीत 'मल्टिक्स' नावाची एक अवाढव्य काँप्युटर-व्यवस्था उभारायला घेतली होती. भागीदारीचं जे व्हायचं ते झालं. खर्च वाढला, काम पुरं होईना, आणि १९६९ साली बेलने अंग काढून घेतलं. तिथले केन थॉम्पसन आणि डेनिस रिची हे दोघे रिकामे झाले. त्यांना पीडीपी-७ नावाचं एक मागे पडलेलं छोटं यंत्र मिळालं. त्या उन्हाळ्यात थॉम्पसनची बायको लहान मुलाला घेऊन तीनेक आठवडे कॅलिफोर्नियाला गेली आणि तेवढ्यात या गृहस्थाने युनिक्सचा सांगाडा उभा केला. आमची ही तीन आठवडे माहेरी जाते तेव्हा मी फार तर पिठलं करायला शिकतो, आणि तेही दर वेळी नव्याने.

मग त्यांना मोठं यंत्र हवं झालं. मल्टिक्सने तोंड पोळलेलं असल्यामुळे नव्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी वरून पैसा सुटेना. तेव्हा त्यांनी अर्जाचं कारण बदललं. पेटंट खात्याला अर्ज नीटनेटके टाइप करून देणारी व्यवस्था बनवू, असं सांगितलं, आणि पीडीपी-११ मंजूर झालं. हे वाचून मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं. शिलाई मशीनसाठी कर्ज काढून त्यात बहिणीचं लग्न उरकलेले कितीतरी सज्जन मी पाहिले आहेत. पण या दोघांनी पेटंट खात्याचं कामही चोख केलं. म्हणजे युनिक्सचे पहिले खरे गिऱ्हाईक कोण? तर कोणती कल्पना कुणाच्या मालकीची हे ठरवणारे लोक. पेटंट म्हणजे तरी काय, कल्पनेचा सातबाराच की.

एका यंत्रावर अनेक माणसं काम करणार म्हटल्यावर कुठली फाइल कुणाची हा प्रश्न आलाच. ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख असलेली युनिक्सची पहिली पुस्तिका आहे, तिच्यात हा चोन हजर आहे. 'चेंज ओनर', म्हणजे मालक बदला, याचं ते आखूड रूप. मी प्रथम ते 'चाऊन' असं वाचलं आणि 'चावून' म्हणून मनात पक्कं केलं; पुतण्याने दुरुस्त केलं. एवढी काटकसर कशाला, तर त्या काळी समोर पडदा नव्हता, टेलिटाइप नावाचं खडखडणारं टंकयंत्र होतं आणि ते सेकंदाला दहा अक्षरं छापायचं. तिथे लांबलचक शब्द कोण बडवत बसणार? ही काटकसर इतकी अंगवळणी पडली की 'क्रिएट' या शब्दातलं शेवटचं 'ई' सुद्धा त्यांनी वाचवलं. पुन्हा संधी मिळाली तर काय बदलाल, असं पुढे थॉम्पसनला कुणी विचारलं, तेव्हा ते 'ई' तेवढं घालीन, असं तो म्हणाला. माणूस हिशेबी, पण मनात खंत ठेवणारा.

फाइलीवर मालकाचं नाव न लिहिता नंबर लिहायचा, हीही पहिल्या दिवसापासूनची रीत. नावं वेगळ्या यादीत. फाइलीच्या कपाळी फक्त आकडा. आम्हा बँकवाल्यांना यात नवल नाही. पगारपत्रकात मी कोण आहे ते तुम्हाला सांगितलं तर तुम्हाला माझी कीव येईल. १९७१ साली या आकड्याला एवढी थोडी जागा दिली होती की सगळे मिळून २५६ नंबर बसायचे. पुढे ती दुप्पट केली, ६५,५३६ झाले. २००१ साली आलेल्या लिनक्सच्या २.४ आवृत्तीत ती आणखी वाढली आणि नंबरांची संख्या ४२९ कोटींवर गेली. एवढी सुबत्ता असताना आमच्या घरात मात्र एकच नंबर बापलेकांत वापरला गेला!

या आकड्यांत शून्य नंबरचा मान मोठा. तो 'रूट'चा, म्हणजे सर्वाधिकाऱ्याचा. आमच्या शास्त्रात शून्य म्हणजे निरंक. तिथे शून्य म्हणजे सर्वेसर्वा. त्याला कुठलीही फाइल उघडता येते, कुणाचीही कुणालाही देता येते. आमचे शाखाधिकारी स्वतःला तसं समजतात, पण त्यांना स्टेपलरच्या पिनांसाठीसुद्धा वर लिहावं लागतं.

आता माझ्या मूळ तक्रारीकडे येतो. १९७१ च्या त्या पुस्तिकेत नियम सरळ होता. फाइलीचा मालक आपली फाइल दुसऱ्याला देऊ शकतो. म्हणजे मी त्या साली जन्मलेला असतो आणि मरे हिलला कामाला असतो, तर माझं काम तिथल्या तिथे झालं असतं. त्या नियमाला पोटनियम एकच होता, पण तो मुद्द्याचा होता.

युनिक्समध्ये डेनिस रिचीची एक फार हुशार कल्पना आहे. समजा, तुम्हाला तुमचा पासवर्ड बदलायचाय. पासवर्डांची वही तर रूटच्या मालकीची. तिला हात लावायची तुमची प्राज्ञा नाही. मग एक छोटा प्रोग्राम असतो, त्याच्यावर एक खास शिक्का असतो. शिक्क्याचा अर्थ असा की हा प्रोग्राम कुणीही चालवो, चालताना त्याला अधिकार मात्र त्याच्या मालकाचे. जसा आमचा शिपाई. तो स्वतः कुणी नाही, पण साहेबांची सही झालेलं पाकीट हातात असेल तर त्याला ट्रेझरीतसुद्धा कुणी अडवत नाही. काम एकच करायचं, पाकीट पोचवायचं. रिचीने या कल्पनेच्या पेटंटसाठी १९७३ साली अर्ज केला, १९७९ साली ते मिळालं, आणि पुढे ते सर्वांसाठी खुलं करण्यात आलं.

आता यात चोरवाट कुठे? मी एक प्रोग्राम लिहिला, त्यावर हा मालकाच्या अधिकाराचा शिक्का मारला, आणि मग मोठ्या उदारपणे तो तुम्हाला बहाल केला. 'चोन' म्हटलं की मालक तुम्ही. पण चालवणार मी, आणि चालेल तो तुमच्या अधिकाराने! म्हणजे कोऱ्या चेकवर मी आधी रक्कम लिहायची आणि सही मागाहून तुमची उमटायची. हे ओळखून पहिल्याच पुस्तिकेत म्हटलं होतं की शिक्का मारलेल्या फाइलीचा मालक बदलता येणार नाही. आजची यंत्रं साधारणपणे मालक बदलताना तो शिक्काच पुसून टाकतात. दान द्यायला ना नाही, पण दान घेणाऱ्याच्या गळ्याला दोरी नको, एवढंच.

इथपर्यंत माझं म्हणणं नव्हतं. पण १९७९ च्या सातव्या आवृत्तीपर्यंत नियम आवळला गेलेला दिसतो. मालक बदलणार तो फक्त रूट! स्वतः मालकालाही ती मुभा नाही. कारण काय, तर माणसं आपल्या फायली दुसऱ्याच्या नावावर करू लागली तर कुणी किती जागा वापरली याचा हिशेब बुडेल. आणि त्या पुस्तिकेतच, मोठ्या प्रामाणिकपणे, कंसात कबुली आहे की असला हिशेब ठेवायची पद्धत अजून अस्तित्वात नाही!

हे वाचून मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. जो हिशेब नाही तो चुकू नये म्हणून नियम! अहो, हे लोक अमेरिकेत काय करत होते? यांची जागा आमच्या विभागीय कार्यालयात होती. आमच्याकडे एक रजिस्टर आहे. त्यात रोज सही करायची असते. ते कशाचं आहे हे माहीत असलेले शेवटचे गृहस्थ निवृत्त झाले, त्याला आता बारा वर्षं झाली.

पण थोडं शांत झाल्यावर पटलं की नियम आधी आणि हिशेब नंतर, हा क्रम वाईट नाही. कारण हिशेब आलाच. १९८३ साली कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाने युनिक्सची आपली आवृत्ती काढली, तिच्यात माणशी डिस्कवर किती जागा वापरायची याची मर्यादा घालता येऊ लागली. अशा ठिकाणी मालक बदलायची मुभा दिली तर काय होईल, हे मला कुणी समजावून सांगायला नको. मी माझा सगळा पसारा तुमच्या नावावर करणार, तो ठेवणार माझ्याच खोलीत, वाचायची परवानगी सगळ्यांना, आणि जागा भरणार तुमची. सकाळी तुम्ही दोन ओळींचं पत्र लिहायला बसलात तर यंत्र सांगणार की तुमची मर्यादा संपली. याला आपल्याकडे बेनामी व्यवहार म्हणतात. म्हेवण्याच्या नावावर प्लॉट, ड्रायव्हरच्या नावावर बंगला.

बर्कलीवाले म्हणून कडक राहिले. त्याच १९८३ साली एटी अँड टीने 'सिस्टिम फाइव्ह' काढलं, त्यांनी मात्र जुना उदार नियम ठेवला. मालकाने खुशाल द्यावं. एकाच घराण्यात दोन रीती झाल्या. शेवटी १९८८ साली 'पॉझिक्स' नावाचा प्रमाण नियमग्रंथ आला. आता तरी निकाल लागेल, असं वाटलं, पण समिती ती समिती. दोन्ही रीती मान्य, कुठली पाळता तेवढं सांगत चला, असं ठरलं. अमेरिकी सरकारने मात्र आपल्या खरेदीपुरता कडक नियमच मागितला. आणि योगायोग बघा, आपल्याकडचा बेनामी व्यवहारांना बंदी करणारा कायदाही १९८८ सालचाच! फरक एवढाच की त्या कायद्याला दात बसायला २०१६ ची दुरुस्ती यावी लागली. यंत्राला मात्र जन्मतःच दात असतात. १९९१ साली फिनलंडच्या लिनस टॉरवाल्ड्सने लिनक्स सुरू केलं, ते या बाबतीत बर्कलीच्या वळणावर गेलं. म्हणून माझ्या घरी, माझ्या फाइलीला, माझ्या बापाकडे जायला परवानगी नव्हती.

चोनची भीती मला खरं तर जुनी आहे. २००३ साली मी बँकेला चिकटलो तेव्हा शाखेत काळे पडदे आणि हिरवी अक्षरं होती, आणि आत युनिक्स चालायचं. एकदा माझ्या फायलींचं काहीतरी बिनसलं म्हणून बाहेरून एक इंजिनिअर आला. त्याच्याकडे रूटचे अधिकार होते आणि त्याला पाचची गाडी गाठायची होती. चोनला एक पुस्ती जोडता येते, डॅश आणि मोठा आर. ती जोडली की एका फाइलीवर न थांबता तो आतल्या कप्प्यांतून शेवटपर्यंत मालक बदलत जातो. माझ्या कप्प्यातल्या, नावापुढे टिंब असलेल्या लपलेल्या फायली बदलाव्यात म्हणून त्याने टिंब आणि फुली असं लिहिलं. पण युनिक्समध्ये दोन टिंबं म्हणजे वरचा कप्पा, आणि टिंब-फुलीत तीही बसतात! चोन खाली उतरायच्या ऐवजी जिना चढून वर गेला आणि तिथून सगळीकडे पसरला. इंजिनिअर घाम पुसू लागला तोपर्यंत शाखेतल्या बहुतेक प्रोग्रामांचा मालक मी झालो होतो.

त्या दिवशी तीन तास मी बँकेचा मालक होतो. पण त्या तीन तासांत एकाही खातेदाराचं पासबुक छापलं गेलं नाही, कारण मालक मी झाल्यावर ते शिक्क्याचे प्रोग्राम कुणाच्या अधिकाराने चालायचे? माझ्या! आणि मला तर ड्रॉवरची किल्लीही नव्हती. हेडक्लार्क म्हणाले, "तुझ्या नावावर काही झालं की असंच व्हायचं." मालकी म्हणजे अधिकार नव्हे, हे मला तेव्हा कळलं. कॉलेजात तीन वर्षं शिकूनही कळलं नव्हतं.

आणि आता या हकिगतीतला सगळ्यात गमतीचा भाग. प्रत्येक फाइलीचा मालक कोण हे सेकंदात सांगणाऱ्या या युनिक्सचा स्वतःचा मालक कोण? हा प्रश्न सोडवायला अमेरिकेच्या कोर्टांना जवळजवळ तीस वर्षं लागली!

१९५६ सालच्या एका कोर्टाच्या हुकमामुळे एटी अँड टीला टेलिफोनखेरीज दुसरा धंदा करायला बंदी होती, म्हणून युनिक्स त्यांनी विद्यापीठांना स्वस्तात वाटलं. १९८४ साली त्या कंपनीचे तुकडे झाले, बंदी उठली, आणि घरात पडलेलं भांडं चांदीचं आहे हे ध्यानात आलं. १९९२ साली त्यांच्या युनिक्स कंपनीने बर्कलीवाल्यांवर दावा लावला की तुमच्या फायली आमच्या आहेत. १९९४ साली तडजोड झाली. सुमारे १८,००० फायलींपैकी काढाव्या लागल्या तीन, आणि सत्तरेक फायलींवर मूळ हक्काची पाटी लावायची ठरली. तीन फायलींसाठी दोन वर्षं! आमच्या वाड्यातल्या न्हाणीघराचा दावा यापेक्षा लांबला, पण तिथे निदान न्हाणीघर तरी होतं.

दरम्यान १९९३ साली नॉवेलने युनिक्स विकत घेतलं. नाव एका संस्थेकडे सोपवलं आणि १९९५ साली धंदा सांताक्रूझच्या 'एससीओ' कंपनीला विकला. आमच्या शाखेतल्या पडद्यावर सकाळी याच कंपनीचं नाव यायचं. सांताक्रूझ म्हणजे खारच्या पुढचं स्टेशन, असं समजून मी कित्येक दिवस अभिमान बाळगला होता. ते कॅलिफोर्नियात निघालं. २००१ साली तो धंदा आणखी एका कंपनीकडे गेला. तिने पुढे एससीओचंच नाव घेतलं आणि २००३ साली, म्हणजे मी नोकरीला लागलो त्याच वर्षी, युनिक्स आमचं आहे असं म्हणत आयबीएमला कोर्टात खेचलं. तेवढ्यात नॉवेल उठून उभी राहिली, की अहो, धंदा विकला होता, कॉपीराइट नाही! २०१० साली ज्यूरीने नॉवेलची बाजू उचलून धरली. आयबीएमशी तडजोड व्हायला २०२१ उजाडलं. म्हणजे नाव एकाकडे, हक्क दुसऱ्याकडे, वहिवाट तिसऱ्याकडे. सातबाऱ्याच्या उताऱ्यात 'इतर हक्क' असा एक रकाना असतो, तो का असतो हे आता कुणी विचारू नये.

संध्याकाळी पुतण्या आला. तोवर मी सकाळी वाचलेलं पुन्हा एकदा वाचलं होतं. आता ते सांगायला हवं.

अप्पांच्या फायली मालकाखेरीज कुणालाही वाचता येऊ नयेत अशी तजवीज त्यांनी पुतण्याकडून शिकून करून ठेवली होती. १००१ नंबर लागल्यामुळे त्या मला उघडल्या, आणि एकीचं नाव होतं, 'येणे-धाकटा'. धाकटा म्हणजे मी. २००१ साली मी बी.कॉम. झालो आणि २००३ पर्यंत घरी बसलो होतो. त्या दोन वर्षांत अप्पांनी मला दिलेला पैसा तारीखवार होता. बँकेच्या परीक्षेची फी. मुंबईचं गाडीभाडं. पुन्हा मुंबईचं गाडीभाडं. बूट. पुन्हा फी. कुठे शेरा नाही, उपदेश नाही. ३१ मार्च २००३ ला बेरीज मारलेली होती आणि तिच्यापुढे हेडक्लार्कच्या भाषेत लिहिलं होतं, 'वसुली करणे नाही. बाकी निरंक.'

कर्ज निर्लेखित केल्याचं ऋणकोला सांगायचं नसतं, हा आमच्याकडचा अलिखित नियम आहे. अप्पांनीही तो पाळला होता. एका नंबरच्या घोटाळ्याने मी ती वही वाचली. त्यातला शब्दन्‌शब्द माझ्याविषयी होता, पण वही माझी नव्हती. काउंटरवर दुसऱ्याचं पासबुक उघडून बघणाऱ्याला मी काय म्हणतो ते मला आठवलं.

"काका, कशाला परत करताय?" पुतण्याने विचारलं. "आजोबा काही उघडायला येणार नाहीत."

"म्हणूनच," मी म्हणालो. हे उत्तर बरोबर होतं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

'सुडो' नावाचा एक प्रोग्राम असतो. १९८० च्या सुमारास बफेलोच्या विद्यापीठात तो जन्मला. तो साध्या माणसाला घटकाभर रूटचे अधिकार उसने देतो. पुतण्याने ते लावून दिलं. चोन, डॅश, मोठा आर, अप्पा, आणि कप्प्याचं नाव मी स्वतः लिहिलं. टिंब कुठे पडलं नाही ना, हे तीनदा तपासलं आणि एंटर मारला.

पडद्यावर काही उमटलं नाही.

"झालं नाही का रे?"

"झालं काका. काम झालं की युनिक्स बोलत नाही. चुकलं तरच बोलतं."

अप्पा तसेच होते. मी यादी काढली. तिसऱ्या रकान्यात वरपासून खालपर्यंत त्यांचं नाव होतं. मुद्दाम एक फाइल उघडायला गेलो. परवानगी नाही, असं उत्तर आलं. सकाळी याच उत्तराचा मला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी शाखेत एक बाई मयताच्या दाव्याचा अर्ज घेऊन आल्या. कागद मी सगळे मागितले, एकही सोडला नाही. फक्त आधी उठून त्यांना बसायला खुर्ची दिली. हेडक्लार्क चष्मा वर करून बघत राहिले. ती खुर्ची त्यांची होती.